मामूचं पिंजण

मामूला गाता येत नव्हतं. एकदा पोळ्याला झडत्या, म्हणजे बैलांपुढची गाणी, म्हणणाऱ्यांच्या घोळक्यात त्याने तोंड उघडलं, तर जवळच्या बैलांनी माना वळवून पाहिलं, असं लोक पुढे कित्येक वर्षं सांगत. मामू ते ऐकून सगळ्यांच्या आधी हसायचा. आणि तरीही आमचं अख्खं गाव गायचं ते मामूच्या सुरात. देवीच्या उत्सवात वीणा, मृदंग, तुणतुणं, जे काही वाजायचं ते आधी मामूच्या पिंजणाशी जुळवलं जाई. ज्याला ओळभर गाता येत नाही त्याने साऱ्या गावाला सूर द्यावा, हे परगावच्या माणसाला खरं वाटत नसे. आम्हाला मात्र त्यात काहीच नवल वाटत नव्हतं.

मामू जातीचा पिंजारी. त्याचं दुकान आमच्या घराला भिंत लागून होतं. कापूस पिंजायचं ते लांबलचक धनुष्य, म्हणजे पिंजण, आढ्याला दोरीने टांगलेलं असे. त्याला आतड्याची तात ताणून बसवलेली. मामू लाकडी दस्त्याने तातेवर ठोका मारी, तात कापसात थरथरे, कापूस फुटून वर उडे, आणि एक घुमारा भिंतीतून आमच्या ओसरीपर्यंत येई. दुपारी त्या घुमाऱ्यात आमचं घर पेंगायचं. दारातून उन्हाचा पट्टा आत आलेला, त्यात कापसाचे तंतू सावकाश तरंगताहेत, आणि पलीकडे मामू, भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. तो तरुण असतानाही मला म्हाताराच वाटायचा, आणि खरा म्हातारा झाला तेव्हा त्याच्यात काही फरक पडलेला मला दिसला नाही. आजही डोळे मिटले की तो मला त्या उन्हाच्या पट्ट्यातच दिसतो.

पिंजाऱ्याकडे सूर कसा गेला त्याची हकिगत आजोबांच्या वेळची. पूर्णेकाठचं आमचं गाव, अकोल्याहून बैलगाडीने दिवसभराची वाट. माघात देवीचा सात दिवस उत्सव चाले. कौंडण्यपूरकडचे गोंधळी येत, गावातले भजनी असत, कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर असत, दंडार नाचणारी पोरं असत, आणि सूर कोणाचा धरायचा यावरून पहिल्याच दिवशी भांडण होई. भजन्यांच्या सुरात गायचं म्हणजे गोंधळ्यांना अपमान वाटे, कलगीवाल्यांच्या सुरात तुरेवाले मेले तरी गाणार नाहीत. एका वर्षी डफ डोक्यात घालण्यापर्यंत पाळी आली. तेव्हा आजोबा म्हणाले, जो कोणाच्याच बाजूने गात नाही त्याचा सूर घ्या. असा माणूस गावात एकच होता, मामूचा बाप. त्याच्या मागून ते काम मामूकडे आलं.

उत्सवाच्या पहिल्या सकाळी मामू धुवट कपडे घालून पिंजण खांद्यावर टाकून यायचा आणि देवळाच्या खालच्या पायरीवर बसायचा. नदीवरून धुकं आलेलं असे. सगळं गाव गप्प. मामू डोळे मिटून तात ताणी, जरा ढिली सोडी, पुन्हा ताणी. तात दर दोन-तीन महिन्यांनी नवी घालावी लागे, तेव्हा सूर काही तातेत राहत नव्हता. तो मामूच्या कानात होता. मनाजोगं झालं की तो तीन ठोके मारी, आणि त्या तीन ठोक्यांवर पन्नास माणसं आपापली वाद्यं जुळवायला लागत. माझ्या उभ्या आयुष्यात मी पुष्कळ गाणं ऐकलं, नागपूरच्या बैठका ऐकल्या, पण ते जुळवणं मला जितकं गोड वाटे तितकं पुढचं गाणंही वाटत नसे.

त्या सुरावर पहिलं पद गायचा मान आमच्या घराचा. माझे वडील, आबा, वीणा गळ्यात घालून उभे राहत. पदाच्या तिसऱ्या कडव्यात एक ओळ वर चढत चढत तारसप्तकात जाते. ती वरची ओळ न तुटता पुरी झाली की पुजारी दिवा लावी आणि उत्सव सुरू होई. ती तुटली, तर गाणाऱ्याने आपल्या हाताने वीणा पुढच्या माणसाच्या गळ्यात घालायची आणि पुन्हा कधी ती मागायची नाही, असा आमच्याकडे रिवाज होता. आबांनी तीसहून जास्त वर्षं ती ओळ तुटू दिली नव्हती. महिनाभर आधीपासून ते ताक बंद करत, ज्येष्ठमध चघळत, आणि पहाटे परसात बसून ती एकच ओळ पुन्हा पुन्हा गात. आबांना शेतीतलं फारसं कळत नव्हतं, व्यवहारातलं तर मुळीच नाही. आपलं म्हणावं असं त्यांच्याजवळ ते एक पद होतं. पुढचा माणूस मी होतो, हेही आत्ताच सांगून टाकतो.

मामूची एक लकब मला फार आवडे. चारचौघांत तो आबांना ‘आबाजी, तुमी’ म्हणायचा, उभा राहून बोलायचा. दुकानात दोघेच असले की ‘आबा, तू’. दोघं लहानपणी एकाच डोहात पोहायला शिकलेले. आबा मात्र त्याला गावातही मामू म्हणत आणि दुकानातही मामूच म्हणत. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून रांगत्या पोरापर्यंत सगळ्यांचाच तो मामू होता. त्याचं खरं नाव काय हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. आता सांगणारं कोणी राहिलं नाही.

मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेला जाणारा तिथला कापूस थांबला, आणि इकडे आमच्या वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं. काळी जमीन तीच, पाऊस तोच, पण गावाची चालच बदलली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. अकोल्याला आगगाडी येणार येणार असं रोज कोणी तरी सांगायचं. घरातला कापूस संपला तेव्हा लोकांनी गाद्या उसवल्या. लग्नातल्या गाद्या, बाळंतिणीच्या दुलया, सगळ्यांतला जुना कापूस मामूपुढे आणून टाकायचे आणि म्हणायचे, पिंजून नव्यासारखा कर, व्यापाऱ्याला घालतो. मामू हात लावत नसे. “ह्या कापसात लोकाईची झोप हाय बाप्पा,” तो म्हणायचा. “हे काय इकाची चीज हाय?” लोक हसत आणि दुसऱ्या गावच्या पिंजाऱ्याकडे जात. त्या हिवाळ्यात अर्धं गाव गोणपाटावर निजलं. रात्रभर कुडकुडायचे आणि सकाळी भाव विचारायला चावडीवर हजर.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं, आणि अंगात वारं भरलेलं. कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला माझ्या खेपा होत. तिथे एका गवयाकडे मी तीन महिने जाऊन बसलो होतो. तीन महिन्यांत गाणं किती येतं ते आज मला ठाऊक आहे. तेव्हा मला वाटे, सगळं आलं. गावात परतलो की इथला ताल ढिला, तिथला ठेका जुना, असं माझं चालू असे. आबा ऐकून घेत. मामू म्हणायचा, “बापू लई दूरचं आयकून राहिला. इथलंबी आयकत जा.” मला ते लागायचं.

एक गोष्ट मात्र मला खरोखरच कळली होती, निदान अर्धी. आमच्या भजन्यांची दरवर्षी काही ना काही कुरकुर असे. मृदंगवाला म्हणे, पानाचं कातडं पूर्वीसारखं मिळत नाही, सालागणिक सैल पडतं. तुणतुणेवाला म्हणे, तारा हलक्या येतात, लोंबतात. आम्ही तरणी पोरं पहिली ओळ गायला लागलो की आवाज छातीत कुठे तरी खाली जाऊन घुरघुरायचा, आणि आम्ही म्हणायचो, माघाची थंडी बाधली. दहा वर्षं प्रत्येकजण आपापल्या कातड्याला, तारेला नि घशाला दोष देत आला. पिंजणावर कोणाचा संशय जाणं शक्यच नव्हतं. माप चुकलं की आपण धान्याकडे पाहतो, मापाकडे पाहत नाही.

भाव अगदी शिगेला पोचले त्या वर्षीची गोष्ट. गावातल्या एका शेटजीने उत्सवाचा खर्च उचलला आणि नागपूरहून सनईवाले आणवले. पहिल्या पदालाच सनईची साथ हवी अशी शेटजींची हौस. माझीही होती, खोटं कशाला बोलू. पहिल्या सकाळी मामूने डोळे मिटून तात लावली, तीन ठोके मारले, वाद्यं जुळली. सनईवाल्याने सनई ओठाला लावली, फुंकली, काढली. पुन्हा फुंकली. मग मान हलवून म्हणाला, “हा सूर माह्या सनईत बसत नाई. तुमचं गाव लई खाली गाते.”

वीणेची तार पिळता येते, मृदंगाला कणीक लावता येते, पण सनईची भोकं जिथल्या तिथेच असतात. शेटजी मोठ्याने हसले. म्हणाले, “पिंजाऱ्याच्या तातेवर देवीचं पद गाता, मंग असंच होणार.”

तिथे मी गप्प बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला अमरावतीचं ज्ञान झालं होतं. कातडं, तारा, घुरघुरणं, सगळं एकदम माझ्या डोक्यात जुळलं आणि मी सगळ्या गावादेखत उभा राहून म्हणालो, “मामू, तुमचा सूर उतरला. याच साली नाई, कित्येक सालापासून उतरून राहिला. गावाले ठाऊकच नाई आपण कुठं गाऊन राहिलो ते.”

मामूने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. कसलं तरी भ्यालेपण होतं, आणि ते स्वतःसाठी नव्हतं हे कळण्याइतकी अक्कल मला तेव्हा नव्हती. तो म्हणाला, “असंल बापू. कान बुढे झाले माहे. चूक झाली.”

“मंग चढवा,” मी म्हणालो. “सनईशी बसवा.”

मामू तात ताणू लागला. सनईवाला सूर धरून उभा. तात चढत गेली, एक घर, त्याच्याही वर. सनईशी जुळायला केसभर राहिलं तेव्हा मामूचा हात थांबला आणि त्याने आबांकडे पाहिलं.

“आबाजी, राहू देऊ का इथंच?”

“इथं काहून?” आबा म्हणाले. “बसव पुरा. गावाचा सूर खाली नाई राहाले पाहिजे.”

मामूने तात बसवली आणि तीन ठोके मारले. पुन्हा सगळी वाद्यं जुळवायला बराच वेळ गेला. धुकं उठलं होतं, ऊन देवळाच्या पायऱ्यांवर आलं होतं. आबांनी पद सुरू केलं. पहिलं कडवं चांगलं गेलं. दुसरं चांगलं गेलं. तिसऱ्या कडव्यात ती ओळ वर चढायला लागली, आबांनी मान वर केली, आणि आवाज फाटला. त्यांनी एकदा खाकरून पुन्हा घेतली. पुन्हा तिथेच फाटला. आबांनी लोकांकडे पाहिलं नाही, देवीकडे पाहिलं नाही. त्यांनी मामूकडे पाहिलं, आणि मामूने मान खाली घातली.

मग आबांनी वीणा काढून माझ्या गळ्यात घातली. मी ती ओळ गायलो. चांगली गायलो, हेच आज मला जास्त बोचतं. लोक वा वा म्हणाले, सनई माझ्या आवाजाला बिलगून चालली, पुजाऱ्याने दिवा लावला. मला त्या घडीला आनंद झाला होता. तो लपवून काय करू?

दुपारी आबा जेवायला आले नाहीत. मी बोलवायला निघालो तर ते मामूच्या दुकानात बसलेले. दोघांच्या मध्ये न पिंजलेल्या कापसाचा ढीग. मी दाराशी थांबलो. त्यांनी मला पाहिलं, तरी बोलणं थांबवलं नाही.

“कधीपासून?” आबा विचारत होते.

“तुले तो ताप आला होता ना, महिनाभराचा. त्या सालपासून,” मामू म्हणाला. “तू परसात गात होता तं मले भिंतीतून आयकू ये. वरची ओळ फाटे तुही. म्या इथं बसून तात उतरवत गेलो, घुमारा आयकून तूबी तिच्यामागं उतरत गेला. कुठं फाटत नाई ते पाह्यलं, अन् उत्सवात तेवढीच लावली.”

“एकाच साली एवढी?”

“नाई रे. दरसाल तुहा आवाज जेवढा उतरला तेवढीच. तितकं कोणाच्या ध्यानात येत नाई.”

आबांनी ढिगातला थोडा कापूस चिमटीत घेऊन पिळला. मग म्हणाले, “मले काहून नाई सांगितलं?”

“सांगितलं असतं तं तू वीणा खाली ठेवली असती.”

“म्हंजे दहा साल गाव माह्यासाठी चुकीचं गायलं.”

“गाव गायलं ना? कोणाचं काय बिघडलं?” मामू प्रथमच जरा चिडून बोलला. “तुही वरची ओळ आयकल्याबिगर माहं साल सुरू होत नाई, आबा. मंग म्या काय करू?”

आबांनी डोळे पुसले. मामूच्या खांद्यावर कापसाचा पुंजका होता, तो उगाच काढून टाकला. मामूच्या अंगावर सगळीकडे कापूसच होता, एक पुंजका काढून काय व्हायचं होतं. म्हणाले, “पुढच्या सालपासून बापूच्या गळ्याच्या मापानं लाव.” मामू हो म्हणाला. मी दारातून मागे फिरलो आणि घरी न जाता नदीवर जाऊन बसलो.

आठ-दहा दिवस मी त्या दुकानावरून मान खाली घालून गेलो. शेवटी एक दिवस आत शिरलो आणि म्हणालो, “मामू, माही चूक झाली.” मामू पिंजत होता. ठोका न थांबवता म्हणाला, “चूक काहीची? खरंच बोलला तू. सूर उतरलाच होता.” मग थांबला. तात हाताने धरून त्याने घुमारा बंद केला. “दोन-चार सालाचाच सवाल होता रे बापू. तेवढं थांबाले पाहिजे होतं.” तो रागावला असता तर मी पाय धरून मोकळा झालो असतो. त्याने मला बसायला सांगितलं आणि गूळ-पाणी दिलं.

त्यानंतर आबांनी दोन माघ पाहिले. दोन्ही वेळा ते समोर लोकांत बसले, मांडी घालून, ओठ मिटून. मी ती ओळ घेत असलो की त्यांची मान वर व्हायची आणि गळ्याची शीर हलायची, आवाज नाही. ज्येष्ठमध घरात आणलं जाई ते आता माझ्यासाठी. तिसऱ्या माघाच्या आधी, कपाशीची वेचणी चालू असताना, आबा गेले. मामू म्हणाला होता तितकीच वर्षं झाली होती. मी थांबलो असतो, तर आबा गात गात गेले असते. या वाक्यातून मला आजवर सुटका मिळालेली नाही.

तोवर लढाई संपली होती, भाव कोसळले होते, आणि चांदीच्या शेंब्या बैलांच्या शिंगांवरून उतरल्या होत्या. लोक पुन्हा गाद्या भरायला मामूकडे येऊ लागले. पण आबांच्या माघारी तो उत्सव करून मामूने गाव सोडलं. मुलगा अमरावतीला होता, त्याच्याकडे गेला. पिंजण गाडीत आडवं घातलेलं, मामू त्याच्या शेजारी. मी वेशीपर्यंत गेलो. म्हणालो, “मामू, माघात याल ना? सूर कोण लावणार?”

“तुहा गळा तरणा हाय,” मामू म्हणाला. “तुले कोणाच्याबी सुरात गाता येते. तुले मामू काहीले लागते?” त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, गाडीवानाला चल म्हणाला, आणि कापसाने भरलेल्या त्या पांढऱ्या वाटेने गाडी निघून गेली. पुन्हा तो आला नाही. चार-पाच वर्षांनी अमरावतीहून आलेल्या एका गाडीवानाने सहज सांगितलं की म्हातारा गेला.

मी पुढे तीस वर्षं वीणा घेतली. मधे गावात बाजाची पेटी आली. देवस्थानाने ती विकत घेतली, आणि सुराची कटकटच मिटली. पट्टी दाबली की सूर तयार, सालोसाल तोच, केसभरही इकडेतिकडे नाही. परगावचे गवई आमच्या उत्सवाची तारीफ करू लागले.

आणि गेल्या माघाच्या आधी परसात बसून गाताना माझी वरची ओळ फाटली. मी पुन्हा घेतली, पुन्हा फाटली. महिनाभर रोज घेतली. पलीकडच्या भिंतीतून काही आलं नाही. उत्सवाच्या सकाळी पेटीवाल्या मुलाने पट्टी दाबली, सूर अगदी बरोबर होता, त्यात काडीची चूक नव्हती. मी पद सुरू न करताच वीणा काढून घरातल्या पुढच्या माणसाच्या, म्हणजे पुतण्याच्या, गळ्यात घातली आणि लोकांत जाऊन बसलो.